अहमदनगर : तट, पाणी आणि माणसे

प्राचीन भारतीय नगरांविषयी पाली वाङ्मयात विखुरलेली माहिती विपुल आहे. राजगृह, श्रावस्ती, वैशाली, साकेत ही नावे सुत्तांच्या पहिल्याच वाक्यात येतात. मिलिंदप्रश्नाच्या आरंभी सागल नगराचे वर्णन आहे. त्यात तट, खंदक व वेशी यांच्याबरोबर रस्ते, चौक, दुकाने, काशीचे वस्त्र विकणारे व्यापारी आणि नाना व्यवसायांची माणसे यांनाही स्थान मिळाले आहे. अंगुत्तरनिकायाच्या सप्तकनिपातात सीमेवरच्या नगराची उपमा आहे. नगराला रोवलेला खांब, खंदक, तटाच्या आतून फिरणारी वाट, शस्त्रे, सैन्य, शहाणा द्वारपाल आणि लिंपलेला उंच तट ही सात अंगे हवीत, असे तेथे म्हटले आहे. पण सुत्त एवढ्यावर थांबत नाही. गवत, लाकूड व पाणी, भात व जव, तीळ, मूग व अन्य कडधान्ये, तूप, तेल, मध, गूळ व मीठ यांचा साठा नसेल तर ती सात अंगे व्यर्थ होत. उपमेचा रोख साधकाच्या चित्ताकडे आहे, हे खरे. तथापि उपमा देणाऱ्याला नगर कशावर जगते याची पुरती जाण होती, हेही तितकेच खरे.

हीच जाण घेऊन आपल्या जवळच्या एका शहराकडे पाहावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हे शहर म्हणजे अहमदनगर. शासनाने २०२४ साली त्याचे व जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर असे केले. लेखाचा विषय जुन्या काळाचा असल्यामुळे आम्ही येथे जुनेच नाव योजले आहे. नगरचा इतिहास म्हटला की भुईकोट किल्ला, चांदबिबी आणि औरंगजेबाचा मृत्यू या तीन गोष्टी पुढे येतात. त्या खऱ्याच आहेत. पण शहर तटावर उभे होते की पाण्यावर, आणि ते पाणी कोणाच्या हातांनी आले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

जुन्नरहून नगरकडे

नगरचा आरंभ जुन्नरपासून सांगावा लागतो. बहमनी सत्तेचा सरदार मलिक अहमद हा जुन्नरला होता. त्याने स्वतंत्र होण्याचे ठरविल्यावर बहमनी सुलतानाने त्याच्यावर जहांगीरखानास धाडले. २८ मे १४९० रोजी भिंगारजवळ झालेल्या लढाईत अहमदाने त्याचा पराभव केला. त्या जागी आधी बाग झाली. पुढे १४९४ मध्ये सीना नदीच्या डाव्या तीरावर शहराची आखणी झाली. अहमदाला दौलताबाद हवे होते आणि ही जागा जुन्नर व दौलताबाद यांच्या मधोमध पडत होती, असे कारण फिरिश्ता हा इतिहासकार देतो. थोड्याच काळात हे शहर बगदाद व कैरो यांच्या तोडीचे झाले, असेही तो लिहितो. फिरिश्ता स्वतः नगरच्या दरबारात वाढला होता. त्याच्या कौतुकात आपल्या गावाविषयीचा अभिमान मिसळलेला असणार, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

जुन्नर सोडताना अहमदाने जे मागे ठेवले ते आमच्या वाचकांना परिचित आहे. नाणेघाटाच्या व्यापारी मार्गावरील या गावाभोवतीच्या डोंगरांत दीडशेहून अधिक शैलगृहे आहेत आणि त्यांतील शिलालेख इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतले आहेत. त्यांपैकी एका लेखात धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिल्याचे कोरले आहे. अन्यत्र वासकार म्हणजे बांबूचे काम करणारे आणि कासाकार म्हणजे काशाचे काम करणारे यांच्या श्रेणींचा उल्लेख येतो. त्यांच्याकडे ठेव ठेवली जाई व तिच्या उत्पन्नातून संघाचा खर्च चाले. याचा अर्थ असा की, बुरूड आणि कासार यांचे संघटित व्यवसाय त्या काळी ठेव सांभाळण्याइतके विश्वासाचे मानले जात, आणि त्यांचे नाव दगडावर कोरण्यात कोणाला कमीपणा वाटत नसे.

आता नगरच्या दगडांवर पाहावे. येथील शिलालेख सुलतानांचे, वजिरांचे व सरदारांचे आहेत. ज्यांनी दगड घडविला, टोपल्या विणल्या, भांडी ठोकली, त्यांची नावे दगडावर नाहीत. ती गल्ल्यांच्या नावांत उरली आहेत : बुरूडगल्ली, मोचीगल्ली, रंगारगल्ली, तेलीखुंट. जुन्नर आणि नगर यांच्यात दोन-तीन दिवसांची वाट आहे. पण जुन्नरच्या लेण्यांत श्रेणी दान देणारी म्हणून उभी आहे आणि नगरमध्ये तीच माणसे केवळ पत्ता सांगण्याच्या उपयोगाची झाली आहेत. हा फरक काळाचा आहे, तसाच समाजरचनेचाही आहे. श्रेणीची जात झाली आणि जातीबरोबर प्रतिष्ठेची उतरंड आली.

बांधकामाचे स्वरूप

नगरच्या वास्तूंत भपका कमी आणि घट्टपणा अधिक. भोवतालच्या डोंगरांतला काळा दगड हे येथील मुख्य साधन. अहमद निजामशहाची कबर असलेला बागरोजा याच काळ्या दगडाचा आहे. बुऱ्हाण निजामशहाच्या काळात शिया पंथाच्या विद्याभ्यासासाठी १५३६-३७ मध्ये कोटला उभा राहिला. बारा इमाम कोटला या नावाने तो आजही ओळखला जातो आणि मोहरमच्या सवाऱ्यांशी त्याचे नाते आहे. नगरचा मोहरम हा केवळ एका धर्माचा सण राहिलेला नाही. त्यात सर्व समाजांची माणसे पिढ्यान्‌पिढ्या सामील होत आली आहेत.

१५६७ च्या सुमाराची दमडी मशीद आकाराने लहान, पण नक्षीकामात नगरमधील सर्वांत नाजूक. किल्ल्याच्या कामावरील मजुरांनी रोजच्या मजुरीतून एकेक दमडी काढून ती बांधली, अशी परंपरागत कथा आहे. ही कथा इतिहास म्हणून सिद्ध करता येत नाही. मशिदीच्या लेखाशी साहिरखान या सरदाराचे नाव जोडलेले आहे. परंतु कथा का टिकली, हे विचारण्याजोगे आहे. आपण घडविलेल्या दगडावर आपला काही हक्क असावा, ही मजुरांची इच्छा लोकांनी त्या दमडीत जपून ठेवली असावी, असे आम्हांस वाटते.

भुईकोट किल्ला आरंभी मातीचा होता. हुसेन निजामशहाने १५५९ ते १५६२ या काळात तो दगडात बांधून काढला. सपाट जमिनीवरचा हा वर्तुळाकार कोट, त्याचे बुरूज व भोवतीचा रुंद खंदक पाहून १८०३ मध्ये जनरल वेलस्लीने दक्षिणेतील वेल्लोरचा किल्ला सोडल्यास इतका बळकट किल्ला आपण पाहिला नाही, असा अभिप्राय दिला. शहराला स्वतंत्र तट होता. त्या तटाच्या वेशींपैकी दिल्ली दरवाजा व माळीवाडा वेस आज उभ्या आहेत. इतरांची आठवण झेंडीगेट, मंगलगेट, सर्जेपुरा अशा नावांत राहिली आहे.

तटाने किती राखले

आता त्या तटांचा हिशेब मांडून पाहू. १५९५ च्या अखेरीस शहजादा मुराद याच्या नेतृत्वाखाली मोगल सैन्य नगरवर आले. चांदबिबीने किल्ला लढविला, सुरुंगाने पडलेले भगदाड रातोरात बुजविले आणि १५९६ च्या आरंभी वऱ्हाड देऊन तह केला. हा प्रसंग पाठ्यपुस्तकांत येतो. पण किल्ल्याबाहेरच्या पेठेचे काय झाले, हे पुस्तकांत फारसे येत नाही. रयतेला अभय दिल्याची द्वाही फिरली होती. तरीही शाहबाजखानाच्या सैनिकांनी पेठ लुटली आणि रहिवाशांनी घरे सोडली. किल्ला वाचला, शहर वाचले नाही. चार वर्षांनी, १६०० मध्ये, चांदबिबी आपल्याच माणसांच्या हातून मारली गेली आणि किल्लाही मोगलांकडे गेला.

पुढे १७५९ मध्ये किल्ला पेशव्यांच्या ताब्यात आला, नंतर शिंद्यांकडे गेला. ८ ऑगस्ट १८०३ रोजी वेलस्लीच्या सैन्याने शिड्या लावून पेठेचा तट एका सकाळी ओलांडला. बळकट म्हणून वाखाणलेला किल्ला १२ ऑगस्टला हाती आला. तट आणि खंदक यांनी नगरला दिलेले संरक्षण एवढेच. सीमेवरच्या नगराची सात अंगे सांगून पुन्हा पाणी, धान्य व मीठ यांकडे वळणाऱ्या सुत्तकारांचे शहाणपण येथे ध्यानात येते.

जमिनीखालचे नगर

नगर पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहे. सीना ही बारमाही भरून वाहणारी नदी नाही. अशा ठिकाणी राजधानी, छावणी, बागा आणि बाजार यांना पुरेल इतके पाणी आले ते खापरी नळांनी. शहराच्या उत्तरेला व पूर्वेला जमीन चढत जाते. कापूरवाडी, शेंडी, वडगाव या बाजूंना विहिरी व झरे धरून तेथून जमिनीखालून भाजक्या मातीचे नळ आणले गेले. नळाभोवती चुन्याचे पक्के बांधकाम असे. ठरावीक अंतरावर वर उघडणारे उच्छ्वास ठेवलेले असत. त्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडे आणि साफसफाईसाठी माणूस आत उतरे. कोणतेही यंत्र नाही, मोट नाही. केवळ उताराच्या बळावर पाणी कित्येक मैल येई आणि हौदांत पडे. इराणात ज्याला कनात म्हणतात त्या विद्येचे हे दख्खनी रूप होय.

हश्तबिहिश्त बाग, १५८३ मध्ये पूर्ण झालेला फराहबाग आणि त्यातील तलावाच्या मध्यावरचा अष्टकोनी महाल ही सर्व या पाण्याची कृपा. मुर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याने या कामांत विशेष लक्ष घातले. शाह डोंगरावरील त्याची तीन मजली अष्टकोनी कबर लोक चांदबिबीचा महाल म्हणून ओळखतात. म्हणजे ज्या वजिराने शहराला बागा दिल्या, त्याचे नावही लोकस्मृतीत राहिले नाही. मग नळ खोदणाऱ्यांचे कोठून राहणार?

नळाचे काम सोपे नव्हते. अरुंद भुयारात वाकून खणणे, उतार बोटाच्या मापाने सांभाळणे, कुंभाराने एकाच मापाचे शेकडो नळ भाजणे, चुना मळणे, दरवर्षी आत उतरून गाळ काढणे, अशी ही कामाची साखळी. त्यात कुंभार होते, पाथरवट होते, बेलदार होते, आणि गाळ काढण्यासाठी बोलावले जाणारे गावकुसाबाहेरचे लोक असणार, हे त्या काळच्या श्रमविभागणीवरून उघड आहे. ज्यांनी पाणी आणले त्यांपैकी किती जणांना त्या हौदावर हात लावता आला असेल, हा प्रश्न आम्ही मुद्दाम विचारतो. सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत, असा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत व्हावा लागला, आणि तो कागदावरून पाण्यापर्यंत नेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ओंजळ भरावी लागली. चवदार तळ्याचा इतिहास आपण जाणतो. पण त्याच्या मागे महाराष्ट्रातील प्रत्येक शहराच्या हौदांचा, आडांचा व नळकोंडाळ्यांचा न लिहिलेला इतिहास उभा आहे. नगर त्याला अपवाद मानण्याचे कारण नाही.

उपऱ्यांचे शहर

नगर वसविणाऱ्यांकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. हे उपऱ्यांनी घडविलेले शहर आहे. अहमदाचा बाप मलिक हसन हा पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातला. तो लढाईत पकडला जाऊन बहमनी दरबारात मुसलमान म्हणून वाढला, असे फिरिश्ता सांगतो. बुऱ्हाणशहाचा मार्गदर्शक शाह ताहिर इराणातून आला. १५४९ मध्ये मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ येथे ओतणारा मुहम्मद बिन हसन रूमी हा नावाप्रमाणे तुर्की मुलखातला. ती तोफ पुढे विजापूरला गेली. आणि हबसाणात जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर चंगेजखान याच्याकडे वाढला. पुढे त्याच अंबराने मोगलांशी झुंज देत निजामशाही सावरली आणि १६१० च्या सुमारास खडकी वसवून तेथेही जमिनीखालून पाणी आणले. खडकी म्हणजे पुढचे औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर. बाजारात विकल्या गेलेल्या माणसाने एका मोठ्या शहराला पाणी पाजले, ही घटना जन्मावरून योग्यता ठरविणाऱ्यांनी विसरू नये अशी आहे. १६३६ मध्ये निजामशाही संपली. १७०७ मध्ये औरंगजेब येथेच भिंगारजवळ मरण पावला.

इंग्रजी अंमलात शहराची चण बदलली. भिंगारला लष्करी छावणी आली. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले आणि १८४२ मध्ये येथूनच ‘ज्ञानोदय’ निघू लागला. मिस सिंथिया फरार यांची मुलींची शाळा जोतीराव फुले यांनी १८४८ साली पाहिली आणि त्याच वर्षी पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण फरारबाईंकडे घेतले, असे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. हा धागा नगरच्या इतिहासात किल्ल्याइतकाच मोलाचा आहे. १८५४ मध्ये नगरपालिका झाली. १८७६-७७ च्या दुष्काळाच्या मागोमाग, १८७८ मध्ये, दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी येथे माग टाकले, आणि पुढे त्यांच्या घरांतील स्त्रिया विड्या वळू लागल्या. दाळमंडई, आडतेबाजार, कापडबाजार, गंजबाजार यांत जिल्ह्याचा शेतमाल व नगरचे कापड यांची देवघेव चाले. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली.

त्याच पुणे-नगर रस्त्यावर कोरेगाव भीमा आहे. तेथील विजयस्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या सैनिकांची नावे कोरली आहेत आणि त्यांत ‘नाक’ प्रत्ययाची महार सैनिकांची नावे आहेत. बाबासाहेबांनी १९२७ च्या पहिल्या दिवशी त्या स्तंभाला भेट दिली. युद्ध कोणाच्या बाजूने झाले याचा वाद घालणारे घालोत. जुन्नरच्या श्रेणींनंतर कित्येक शतकांनी या मार्गावरच्या दगडावर सामान्य माणसाचे नाव पुन्हा उमटले, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

सापडलेले जुने नगर

ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसच्या नेत्यांना भुईकोट किल्ल्यात ठेवण्यात आले. जवाहरलाल नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ येथे लिहिले. मौलाना आझादांची ‘गुबार-ए-खातिर’मधील पत्रे येथलीच. आचार्य नरेन्द्र देव यांनी वसुबंधूच्या अभिधर्मकोशाच्या हिंदी भाषांतराचे काम याच बंदिवासात केले. त्यांचा ‘बौद्ध-धर्म-दर्शन’ हा ग्रंथ १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. निजामशहाच्या कोटात वसुबंधूचा अभ्यास चालावा, हा योग विलक्षणच. बागेसाठी जमीन खणताना जुन्या भिंती व घुमटांचे माथे लागले, अशी नोंद नेहरूंनी केली आहे.

ही नोंद वाचताना संयुत्तनिकायातील नगरसुत्ताची आठवण होते. रानात हिंडणाऱ्या माणसाला प्राचीन वाट दिसते. तो तिच्यावरून जातो आणि त्याला उद्याने, वने, पुष्करिणी व तट असलेले जुने नगर आढळते. तो राजाला सांगतो आणि राजा ते पुन्हा वसवितो. भगवंतांनी ही उपमा आर्य अष्टांगिक मार्गासाठी योजली. तीत एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. नगर शोधणारा माणूस ते स्वतःपुरते ठेवीत नाही, तो ते सर्वांसाठी खुले करावयास सांगतो.

२०११ च्या जनगणनेत नगरची लोकसंख्या साडेतीन लाखांच्या घरात होती. २००३ पासून तेथे महानगरपालिका आहे. शहराला पाणी येते ते राहुरी तालुक्यातील मुळा धरणातून, विळदच्या उपसा केंद्रामार्गे, विजेच्या बळावर. वीज गेली की नळ कोरडे पडतात. विजेवाचून चालणारे खापरी नळ मात्र रस्ते व इमारतींच्या पायांखाली फुटून, बुजून गेले. तटाचे अवशेष संरक्षित यादीत येतात, त्यांच्यापुढे फलक लागतात. पाण्याचा मार्ग कोठून गेला होता, हे सांगणारा फलक क्वचितच दिसतो. त्या मार्गाची देखभाल करणाऱ्यांच्या वंशजांना तर आपल्या पूर्वजांनी शहर जगविले, हे ठाऊकही नसेल. शहर आजही तशाच हातांवर चालते. गटारे व मैला यांचे काम माणसाने हाताने करू नये, यासाठी १९९३ आणि पुन्हा २०१३ मध्ये कायदे करावे लागले, यावरून जमिनीखालचे काम कोणाच्या वाट्याला राहिले ते कळते.

नगरमध्ये एक वस्ती सिद्धार्थनगर या नावाची आहे. बुरूडगल्ली, मोचीगल्ली ही नावे इतरांनी धंद्यावरून दिली. सिद्धार्थनगर, भीमनगर ही नावे महाराष्ट्रभर माणसांनी स्वतः निवडली. नावाचा हक्क मिळविणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु मागच्या पिढ्यांची नावे मिळवून देण्याचे काम बाकी आहे. नगरच्या महाविद्यालयांतील इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी आपल्या घरापासून आरंभ करावा. आजीने कोणत्या हौदावरून पाणी आणले, कोणत्या हौदावर तिला मज्जाव होता, आजोबांनी कोणत्या नळाचा गाळ काढला, हे विचारून लिहून ठेवावे. उरलेल्या उच्छ्वासांचे ठिकाण नकाशावर नोंदवावे. जुन्नरच्या धान्य-व्यापाऱ्यांची पोढी आपल्याला ठाऊक आहे, कारण ती कोणी तरी कोरून ठेवली. नगरच्या पाण्याची हकिगत सांगणारी अखेरची पिढी आज म्हातारी झाली आहे. तिच्याकडे जाण्यास विलंब करू नये.